मांडवाच्या दारापर्यंत

"आबा, तो अंगठा जरा मुठीत ठेवा. लोक हात हातात घेतात, बघतात."

शशी हे म्हणाला तेव्हा मी आबांच्या कोटाची बटणं लावत होते. आबांनी मुकाट्याने उजवा अंगठा मुठीत दडवला. त्या अंगठ्याच्या सांध्यावर सुपारीएवढा घट्टा होता. क्लॅरोनेटचा सगळा भार तिथेच पेलावा लागतो, आणि आबांनी तो भार मिसरूड फुटल्यापासून पेलला होता. आता तो अंगठा लपवायचा होता, कारण त्यांच्या मुलाचं लग्न होतं.

साताऱ्याच्या त्या जानवसघरात सकाळपासून नुसती घाई चालली होती. शशी, म्हणजे माझा थोरला भाऊ शशिकांत, आरशासमोर फेटा सारखा करत होता. पुण्यात सरकारी खात्यात साहेब झाला होता तो. रंगाने आईवर गेलेला, बोलणं शुद्ध, आणि कॉलेजात गेल्यापासून आमच्या विट्याच्या घरी दोन रात्रींच्या वर न टिकलेला. आई लवकर गेली, नाहीतर आज त्याने तिलाही काय काय लपवायला सांगितलं असतं कोण जाणे.

"परत एकदा सांगतो आबा. कुणी विचारलं तर नगरपालिकेत होतो म्हणायचं. पाणीपुरवठ्यात. बस्स."

"व्हय."

"खोटं काही नाही त्यात."

खोटं नव्हतंच. लग्नसराई संपली की आबा नगरपालिकेत रोजंदारीवर पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचे. सराई सुरू झाली की लाल कोट घालून बँडच्या पुढे उभे राहायचे. शशीने आबांचं अर्धं वर्ष ठेवलं होतं आणि अर्धं खोडलं होतं. सरकारी माणसाला असली कामं बरी जमतात.

तसं त्याला कारणही होतं. नीलिमाच्या घरचे आमच्यातलेच, पण दोन पिढ्यांपूर्वी वाजवणं सोडून शाळा-कचेऱ्यांत गेलेले. आपण त्यातून वर आलो याचा त्यांना फार अभिमान, आणि मागे राहिलेल्यांचा तितकाच तिटकारा. नीलिमाचे काका भाऊसाहेब म्हणजे त्या घराचा शब्द. नीलिमाला आदल्या वर्षी एक इंजिनियर स्थळ सांगून आलं होतं. सगळं ठरलं, आणि मुलाचा चुलता अजून सनई वाजवतो हे कळल्यावर भाऊसाहेबांनी सुपारी परत पाठवली. 'वाजवणाऱ्यांच्यात पोरगी द्यायची नाही,' एवढंच बोलले म्हणे. हे शशीला नीलिमानेच सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली होती. तो मुलीच्या प्रेमात पडला होता की त्या घराच्या, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पण ते लग्न मोडलं असतं तर तो पुरता मोडला असता, हे आबांना ठाऊक होतं आणि मलाही.

वऱ्हाडसुद्धा त्याने निवडून आणलं होतं. गल्लीतलं कुणी नाही, बँडमधलं कुणी नाही. बसमधून आलेली बरीचशी माणसं त्याच्याच ऑफिसातली होती.

"टाय टोचतोय का?" मी आबांना विचारलं.

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. डावा गाल थोडा फुगल्यासारखा दिसत होता.

"दाढ दुखतेय का हो?"

आबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

"आजचाच दिवस मिळाला का दाढेला!" शशी म्हणाला. मग स्वतःशीच जरा विचार करून म्हणाला, "असू दे. बरंच आहे. फार बोलावं लागणार नाही."

आबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर मांडवाची झालर लावणं चाललं होतं. पाठमोरे असतानाच त्यांनी हळूच विचारलं, "बँड कुनाचा हाय रं?"

"त्यांनी ठरवलाय. असेल कुणाचातरी."

"न्हाई, म्हंजे... आपल्यात दारातली सलामी बापानं..."

शशीने फेट्यावरचा हात खाली घेतला. आमच्याकडे रीतच आहे तशी. वाजवणाऱ्याच्या पोराचं लग्न असलं की आसपासचे बँडवाले आपणहून येतात, आणि नवरदेव मांडवाच्या दारात पोचला की शेवटची चीज त्याच्या बापाने वाजवायची. बाप वाजवत नाही तोवर नवरदेव आत पाऊल टाकत नाही. माझ्या लग्नात आबांनी माझ्या दिरासाठीसुद्धा वाजवलं होतं, त्याला हौस आली म्हणून.

"आबा," शशी म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी रडवेला झाला, "तुम्हाला माझं लग्न मोडायचंय का?"

"न्हाई बाबा, न्हाई. इचारलं नुस्तं."

"एवढा एक दिवस. मी तुमच्या पाया पडतो."

आणि तो खरंच वाकला. फेटा सांभाळत वाकला. आबांनी त्याला धरून उभं केलं, त्याच्या शेरवानीवरचा नसलेला धागा उचलला आणि म्हणाले, "जा, गाडीत बस. उशीर हुतोय."

परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून निघायची होती. शशी फुलांच्या मोटारीत बसला. करवली म्हणून मी मागे हातात करा घेऊन बसले. मोटारीपुढे बँड उभा होता. लाल कोट, पितळी बटणं, टोप्यांना सोनेरी झालर. क्लॅरोनेटवाला आमच्याकडे पाठ करून आपल्या माणसांना काही सांगत होता. तो वळला. तो बाबालाल होता.

बाबालालला मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ओळखत होते. आमच्या ओट्यावर बसून तो आबांकडून क्लॅरोनेट शिकला. आईच्या हातची भाकरी खाऊन वाढला म्हटलं तरी चालेल. पुढे लग्न झाल्यावर कऱ्हाडला गेला आणि तिथे स्वतःचा बँड काढला. ईदेला शीरखुर्म्याचा डबा घेऊन एसटीने यायचा आणि आबांच्या पायाशी बसायचा. शशीने त्याला बघितलं होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं त्याने ओळखलंच नाही. लोक बँडवाल्याचे कपडे बघतात, तोंड कोण बघतं? त्याच भरवशावर तर शशीने सगळा डाव मांडला होता.

बाबालालची नजर मोटारीवरून फिरत पाहुण्यांवर गेली आणि आबांवर येऊन थांबली. सूट, टाय, डोक्याला गुलाबी फेटा. त्याचं तोंड हसायला उघडलं. त्याचा हात वर यायला लागला. आबांनी मान किंचित हलवली. एवढीशीच. बाबालालचा हात टोपीपर्यंत गेला, त्याने टोपी सारखी केली आणि क्लॅरोनेट तोंडाला लावलं.

मिरवणूक निघाली. आबा सुरुवातीला भाऊसाहेबांच्या बरोबर, मोटारीच्या बाजूने चालत होते. पोस्टाच्या कोपऱ्यावर मी पाहिलं तर ते थोडे पुढे गेले होते. पेठेत शिरलो तेव्हा आणखी पुढे. ढोलाच्या ठोक्यावर त्यांचा डावा पाय बरोबर पडत होता. आपण कुठे चाललोय हे त्यांना कळत नव्हतं. उन्हात त्यांचा काळा कोट त्या लाल कोटांना जाऊन जवळजवळ टेकला होता. मी शशीला दाखवणार होते, पण तो समोर बघून नवरदेवासारखा हसत होता. म्हटलं, राहू दे.

मांडवाच्या दारात बायका ओवाळायला उभ्या होत्या. नीलिमाचे वडील रावसाहेब शाल, श्रीफळ, हार घेऊन उभे. दारात आधी व्याहीभेट व्हायची होती. वरबाप आणि वधूबाप गळ्यात गळे घालतात, मग सगळे आत जातात. बँडने शेवटची चीज घेतली. शशी उतरला, मी उतरले, वरून अक्षता पडल्या, कुणी नारळ फोडला. वाजणं थांबलं.

"हं, व्याही कुठेत? या, पुढे या!" गुरुजी म्हणाले.

आबा नव्हते.

"आत्ता तर होते," कुणीतरी म्हणालं.

रावसाहेब हातातला हार सावरत इकडेतिकडे बघायला लागले. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून तसाच उभा. शशीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण खालून रंग उतरत गेला. "रंजे," तो ओठ न हलवता म्हणाला, "बघ ना जरा." मी करा मावसबहिणीच्या हातात दिला आणि गर्दीतून बाहेर पडले. भाऊसाहेब दुसऱ्या बाजूने शोधायला निघालेले मला दिसले.

कुठे शोधायचं हे मला माहीत होतं. लहानपणी डबा घेऊन मी कितीतरी मांडवांना गेले होते. बँड मांडवाच्या दारापर्यंत जातो. नवरदेव आत जातो, बँड वळतो आणि बाजूच्या बोळातून मागे, आचाऱ्यांच्या अंगाला जाऊन बसतो. आत कधी कुणी गेलेलं नाही.

मागे निंबाखाली ताडपत्री होती. बँडवाल्यांनी टोप्या काढून ठेवल्या होत्या, कुणी बूट सोडत होतं. मधे आबा बसले होते. कोट काढून नीट घडी करून मांडीवर ठेवलेला, हातात पाण्याचा पेला. अगदी घरच्यासारखे. सकाळपासून प्रथमच त्यांचे खांदे सैल दिसत होते.

"आबा!"

"काय गं?"

"काय गं काय! व्याहीभेट खोळंबलीय तिकडं. तुम्ही वरबाप आहात ना?"

पेल्यातलं पाणी त्यांच्या विजारीवर सांडलं. ते धडपडत उठले, कोटात हात घालायला लागले, तो उलटा निघाला. "आगं, पाय वळलं," ते म्हणाले. गालातल्या दुखण्याने शब्द जड येत होते. "बँड वळला, तसं पाय वळलं. मला कळलंच न्हाई गं पोरी."

बाबालालने पुढे होऊन त्यांना कोट घातला. त्याचे डोळे चमकत होते. "त्यात काय एवढं? चला वस्ताद, आमी वाजवत न्हेतो तुमास्नी. शशीचं लगीन हाय, आन् वस्ताद मागल्या अंगानं जानार? दारातली सलामी ऱ्हायलीयच की." आणि त्याने आपलं क्लॅरोनेट दोन्ही हातांवर आडवं धरून आबांच्या पुढे केलं. बाकीचेही उठले. एका म्हाताऱ्या ढोलवाल्याने गळ्यात पट्टा अडकवलासुद्धा.

आबांनी त्या वाद्याकडे बघितलं. हात पुढे गेला असता, मी शपथेवर सांगते. मुठीतला अंगठा बाहेर आला होता.

"अहो, तुम्ही इथे?"

भाऊसाहेब बोळाच्या तोंडाशी उभे होते. मागे त्यांच्याकडचे दोघे-तिघे. त्यांनी एकदा आबांच्या ओल्या विजारीकडे पाहिलं, एकदा ताडपत्रीकडे, मग त्या आडव्या धरलेल्या क्लॅरोनेटकडे. त्यांचा चेहरा बदलू लागला.

"बँडवाल्यांत काय करताय तुम्ही? ओळखीचे आहेत का?"

बाबालाल हसतच पुढे झाला. "साहेब, वळखीचं म्हंजे काय, हे आमचं..."

"मी वळखत न्हाई ह्यास्नी," आबा म्हणाले.

बाबालाल जागच्या जागी थांबला.

"पानी प्यायला आलतो," आबा म्हणाले. "दाढ ठणकती. पानी मागितलं."

"मग यांनी तुम्हाला खाली बसवलं? ताडपत्रीवर?" भाऊसाहेबांचा आवाज आता मोकळा झाला होता, आणि राग काढायला त्यांना आयतं माणूस मिळालं होतं. ते बाबालालवर वळले. "अक्कल आहे का रे? वरबाप आहेत ते! आणि हे काय, वाद्य कसलं पुढे करतोस? त्यांनी काय वाजवायचंय का?"

मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा जबडा एकदम आवळला गेला, आणि गालातून बारीकसा काडी मोडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, दाताचाच.

"जाऊ द्या," आबा म्हणाले. मग, कुणी विचारलं नसताना, पुढचंही बोलले. "असलीच असत्यात ही मानसं."

मला अजून कळत नाही, ते का बोलले. पहिल्यावरच भागलं होतं. भाऊसाहेबांची खात्री पटली होती. पण माणूस घाबरला की पुरेसं झालं हे त्याला कळत नाही, आणि आबा त्या दिवशी एवढे घाबरलेले होते की त्यांनी आपल्या हाताने आपलीच चामडी सोलून दाखवली.

बाबालालने क्लॅरोनेट खाली घेतलं. आधी आबांकडे बघितलं. मग भाऊसाहेबांना म्हणाला, "चुकलं साहेब. आमाला काय म्हाईत, कोन मोठं मानूस हाय ते."

भाऊसाहेबांनी आबांच्या दंडाला धरलं आणि त्यांना सांभाळून बोळातून घेऊन गेले. आबांनी मागे वळून बघितलं नाही.

व्याहीभेट झाली. रावसाहेबांनी मिठी मारली, हार पडले, फोटो निघाला. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या. 'सावधान' म्हटल्यावर बाहेरून बँड वाजायचा असतो. त्या वेळी तोही वाजला, अगदी वेळेवर. शशीने नीलिमाच्या गळ्यात हार घातला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी त्याची कीव आली. पंगतीत आबा भाऊसाहेबांच्या शेजारी बसले. त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि ताटात ठेवून दिला. दाढेमुळे असेल, म्हणून कुणी आग्रह केला नाही. मी मागे जाऊन आले. ताडपत्री मोकळी होती. आचारी म्हणाला, "बँडवाले न जेवताच गेले की ओ. बोलावलं तर नको म्हणाले."

संध्याकाळी आमची बस परत निघाली. शशी सासरीच थांबला होता. निघताना तो बसपाशी आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुठे गेले होते आबा ऐन वेळेला? प्राण गेला माझा."

"पाणी प्यायला," मी म्हणाले.

"तेवढंही सांभाळता आलं नाही त्यांना," शशी म्हणाला, आणि खिडकीतून आबांना हात केला. आबांनीही केला.

बस गावाबाहेर पडली. उसाच्या गाड्यांमागून रखडत चालली होती. बाकीचे पेंगत होते. आबांनी टाय सोडला, घडी केली, मग तोंडात दोन बोटं घालून काहीतरी बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं.

ती क्लॅरोनेटची पत्ती होती. बोरूच्या सालीची, नखासारखी पातळ. मधून मोडलेली.

मला कळायला हवं होतं, जन्मभर पाहिलेली गोष्ट ती. पत्ती कोरडी असली तर वाजत नाही. वाजवायच्या आधी ती तोंडात धरून भिजत ठेवावी लागते. लग्नाला निघायच्या दिवशी आबा सकाळी पत्ती गालात ठेवायचे, आणि आई म्हणायची, आता यांच्याशी बोलून उपयोग नाही. पण सुटातल्या माणसाच्या गालात पत्ती असेल हे माझ्या मनात कसं यावं?

"सकाळपासून?" मी विचारलं.

"व्हय."

"शशीने तर सकाळीच नाही म्हटलं होतं."

"म्हटलं हुतं," आबा म्हणाले. "पर ऐन टायमाला कुनाचं मन कसं फिरंल, काय सांगावं? दारात म्हनला असता, वाजवा आबा... तर कोरडी पत्ती घिऊन काय करायचं हुतं मी?"

त्यांनी दोन्ही तुकडे पुन्हा एकमेकांना लावून बघितले.

"बाबालालनं माझी अब्रू राखली," ते म्हणाले. "त्याच्या व्हटाला पयली पत्ती मी लावली हुती. आन् मी काय म्हनलो त्याला, ऐकलंस तू."

"आबा, तुम्ही मुद्दाम थोडीच..."

"मुद्दामच म्हनलो गं." ते खिडकीबाहेर बघायला लागले. थोड्या वेळाने हात बाहेर काढून त्यांनी मूठ उघडली. "शशीला ह्यातलं काय सांगू नगंस. पोराच्या मनाला लागंल."

पुढच्या सराईला त्यांना बोलावणी आली. दाढ दुखते, असं सांगून त्यांनी परतवली. मग बोलावणी यायची थांबली. नगरपालिकेचं काम मात्र अंगात बळ होतं तोवर केलं. ईदेला बाबालालचा डबा त्या वर्षीही आला, पण दुसऱ्याच्या हाती. आबा गेले तेव्हा शशीने 'साधेपणाने करू' म्हणून सांगितलं. आमच्यात वाजवणाऱ्याला वाजवत नेतात, हे मी म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "रंजू, भाऊसाहेब आलेत." गल्लीच्या तोंडाशी बाबालाल उभा होता. साध्या कपड्यांत, काखेत वाद्याची पिशवी. तिरडी समोरून गेली तेव्हा त्याने पिशवीच्या नाडीला हात घातला आणि शशीकडे बघितलं. शशी खाली बघून चालत होता. बाबालाल तसाच बिनवाजवता मागोमाग गेला.

आता शशी निवृत्त झालाय. पुण्याला मोठा फ्लॅट आहे, हॉलमध्ये लग्नातला तो व्याहीभेटीचा फोटो आहे. परवा भाऊबीजेला गेले तेव्हा नीलिमा सगळ्या तसबिरी पुसत होती. ती चांगली आहे हो, तिला यातलं काही माहीत नाही. फोटो पुसता पुसता थांबून म्हणाली, "वन्सं, मामंजींचा हा गाल बघा ना. केवढा सुजलाय!"

"दाढ दुखत होती त्यांची," शशी पेपरातून डोकं काढून म्हणाला. "सकाळपासून. हो ना गं, रंजे?"

मी फोटोकडे बघितलं. आबांचं तोंड घट्ट मिटलेलं, डावा गाल वर आलेला, उजवी मूठ आवळलेली.

"हो," मी म्हणाले. "दाढच दुखत होती."